प्रथम गणधर श्री गौतमस्वामी : प्रभूंचे मौन, सान्निध्य आणि विरह

ईश्वर आहे काय, असल्यास तो कोठे आहे, आणि भक्ताने कळवळून हाक मारली असता तो गप्प का राहतो, हे प्रश्न जगातील बहुतेक सर्व धर्मविचारांना पडलेले आहेत. कोणी ईश्वराच्या मौनाला त्याची लीला मानले, कोणी भक्ताची परीक्षा मानली, तर कोणी त्या मौनावरून ईश्वर नाहीच असा निष्कर्ष काढला. जैन दर्शनाने या प्रश्नांचा विचार निराळ्या भूमिकेवरून केला. जीव, पुद्गल, धर्म, अधर्म, आकाश आणि काल या सहा द्रव्यांचे बनलेले हे विश्व अनादि-अनंत असून त्याला कोणी निर्माता नाही व संहर्ताही नाही. सुखदुःखाची वाटणी करणारा न्यायाधीश वर बसलेला नाही. प्रत्येक जीव आपल्या कर्माचा कर्ता व भोक्ता आहे. नवव्या शतकात, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष यांच्या काळात, आचार्य जिनसेनांनी आदिपुराणात सृष्टिकर्त्याच्या कल्पनेचे सविस्तर खंडन केले. राष्ट्रकूट काळातच वेरूळच्या डोंगरात जैन लेणी कोरली गेली. तेथील ३२ व्या लेण्याच्या गाभाऱ्यात भगवान महावीर ध्यानस्थ बसलेले आहेत. त्यांच्या हाती शस्त्र नाही, वर देण्यासाठी उचललेला हात नाही, आणि मिटल्यासारख्या नेत्रांत कोणावर अनुग्रह नाही की कोणावर कोप नाही.

मग अशा देवापुढे मस्तक का नमवावे? जो मागितलेले देत नाही, हाकेला उत्तर देत नाही, त्याची भक्ती कशासाठी करावी? हा प्रश्न आजच्या तरुण पिढीचा आहे, आणि तो तितकाच जुनाही आहे. आचार्य समंतभद्रांनी स्वयंभूस्तोत्रात त्याचे उत्तर देऊन ठेवले आहे. वीतराग प्रभूंना पूजेचे प्रयोजन नाही आणि निंदेचा राग नाही; तथापि त्यांच्या पुण्यगुणांचे स्मरण स्मरण करणाऱ्याचेच चित्त पापमलापासून शुद्ध करते, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे. परंतु शास्त्रकारांनी जे सिद्धांतरूपाने सांगितले, ते एका महापुरुषाने आपल्या जीवनात प्रत्यक्ष अनुभवले. प्रभूंचे मौन, प्रभूंचे सान्निध्य आणि प्रभूंचा विरह हे तिन्ही त्यांच्या वाट्याला आले. ते महापुरुष म्हणजे भगवान महावीरांचे प्रथम गणधर इंद्रभूती गौतम.

विद्वान इंद्रभूती

परंपरागत कालगणनेनुसार इंद्रभूतींचा जन्म इ. स. पूर्व ६०७ मध्ये मगध देशातील गोबर नावाच्या ग्रामी झाला. पिता वसुभूती, माता पृथ्वी, आणि गोत्र गौतम. अग्निभूती व वायुभूती हे त्यांचे दोघे धाकटे बंधू. तिघेही भाऊ वेदवेदांगांत पारंगत होते. इंद्रभूतींच्या पाठशाळेत पाचशे शिष्य अध्ययन करीत. त्यांचा लौकिक असा की, मोठा यज्ञ करावयाचा असला म्हणजे यजमान त्यांना दूरदूरहून सन्मानाने बोलावणे पाठवीत. वादसभेत त्यांच्यासमोर उभा राहण्याचे धाडस सहसा कोणी करीत नसे.

पन्नास वर्षांच्या वयापर्यंत इंद्रभूतींचे जीवन असे यशाच्या शिखरावर गेले. परंतु या यशाच्या आत एक शल्य होते आणि ते त्यांनी कोणापाशीही बोलून दाखविले नव्हते. ज्या आत्म्याच्या कल्याणासाठी हे सारे विधिविधान चालले आहे, तो आत्मा खरोखर आहे काय, अशी शंका त्यांच्या मनात घर करून होती. घट जसा डोळ्यांना दिसतो तसा आत्मा दिसत नाही. आणि जे कधीच दिसले नाही, त्याचे अनुमान तरी कशाच्या आधारे करावे? श्रुतिवचनेही एके ठिकाणी एक तर दुसरीकडे दुसरे सांगतात, असे त्यांना वाटे. शंका विचारावयाची तर आपल्याहून ज्ञानी कोणाला मानावे लागेल. आणि तसे मानण्यास मन तयार नव्हते. ज्याला सर्व जण विचारतात त्याने कोणाला विचारावे, हा विद्वत्तेचा पेच इंद्रभूतींनी वर्षानुवर्षे वाहिला.

सहासष्ट दिवसांचे मौन

इ. स. पूर्व ५५७ च्या सुमारास, वैशाख शुद्ध दशमीला, ऋजुकूला (ऋजुवालुका) नदीच्या तीरी शालवृक्षाखाली वर्धमान महावीरांना केवलज्ञान झाले. बारा वर्षांहून अधिक काळाच्या कठोर साधनेचे ते फळ होते. दिगंबर परंपरा सांगते की, देवांनी समवसरणाची रचना केली, श्रोते आपापल्या कोठ्यांत येऊन बसले. परंतु प्रभूंची दिव्यध्वनी प्रकट झाली नाही. एक दिवस गेला, दुसरा गेला, आठवडे लोटले. सर्वज्ञ समोर विराजमान आहेत, ऐकणारे उत्सुक आहेत, आणि तरीही सर्वत्र निःशब्दता आहे. असे सहासष्ट दिवस गेले.

धर्मेतिहासातील हा प्रसंग विचार करण्यासारखा आहे. येथे प्रभू अनुपस्थित नाहीत. ते सर्वांच्या डोळ्यांसमोर आहेत. ते रुष्टही नाहीत, कारण ज्यांचा राग-द्वेष समूळ क्षीण झाला ते रुष्ट होणार कोणावर? मग मौन का? आचार्य वीरसेनांच्या जयधवला टीकेत या प्रश्नाची थेट चर्चा आहे. गणधर उपस्थित नसल्यामुळे दिव्यध्वनी प्रवर्तली नाही, असे तेथे स्पष्ट केलेले आढळते. मग सौधर्म इंद्राने त्याच क्षणी गणधर का आणला नाही? कारण काललब्धीवाचून तेवढे सामर्थ्य इंद्राच्या ठायीही नव्हते. आणि ज्याने प्रभूंच्या चरणांशी महाव्रते स्वीकारली आहेत त्याच्याखेरीज इतरांना उद्देशून दिव्यध्वनी का प्रकट होत नाही? यावर आचार्यांचे समाधान असे की, तो तिचा स्वभावच आहे, आणि स्वभावाला जाब विचारता येत नाही.

या चर्चेतील दृष्टी सूक्ष्म आहे. मौनाचे कारण बोलणाऱ्याच्या इच्छेत शोधलेले नाही. ते ऐकणाऱ्याच्या पात्रतेत शोधले आहे. मेघ भरून आला तरी भांडे पालथे असेल तर त्यात थेंबही साठत नाही. समवसरणात श्रोते पुष्कळ होते; परंतु जे ऐकले ते अखंड धारण करून पुढच्यांच्या हाती सोपवील असा एक श्रोता अजून यावयाचा होता. तो श्रोता त्या वेळी आपल्या पाठशाळेत, आपल्या मानात आणि आपल्या शंकेत बसलेला होता.

सौधर्म इंद्र वृद्ध ब्राह्मणाचे रूप घेऊन इंद्रभूतींकडे गेला, अशी कथा आहे. आपले गुरू मौन धारण करून आहेत, तेव्हा एका गाथेचा अर्थ कृपा करून सांगावा, अशी त्याने विनंती केली. पाच अस्तिकाय, सहा जीवनिकाय, पाच महाव्रते अशा संज्ञा त्या गाथेत होत्या. इंद्रभूतींना त्यांचा उलगडा झाला नाही. अर्थ येत नाही असे शिष्यांदेखत म्हणणे त्यांना जड गेले. तुझ्या गुरूंशीच बोलेन, असे सांगून ते पाचशे शिष्यांसह व दोघा बंधूंसह राजगृहीच्या विपुलाचलाकडे निघाले. निघाले ते वाद करण्यासाठी. परंतु समवसरणाच्या द्वारी उभा असलेला मानस्तंभ दिसताच त्यांचा मान गळून पडला. त्यांनी प्रभूंना वंदन केले, दीक्षा घेतली, आणि दिव्यध्वनी प्रकट झाली.

उत्तरेकडील पौर्णिमान्त पंचांगाप्रमाणे तो दिवस श्रावण कृष्ण प्रतिपदेचा. आपल्या महाराष्ट्रातील पंचांगाप्रमाणे आषाढ वद्य प्रतिपदेचा. तो वीरशासन जयंती म्हणून साजरा होतो. त्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे आषाढी पौर्णिमेला, गौतमांना गुरू लाभले. म्हणून गुरुपौर्णिमेलाही जैन समाजात या प्रसंगाचे स्मरण केले जाते.

शंकेतच उत्तर

श्वेतांबर परंपरेत ही भेट निराळ्या रीतीने वर्णिली आहे. मध्यमा पावा नगरीत सोमिल नावाच्या धनाढ्य ब्राह्मणाने महायज्ञ मांडला होता. त्यासाठी अकरा विद्वान आपल्या एकूण चार हजार चारशे शिष्यांसह जमले होते. त्या नगरीजवळच्या महासेन उद्यानात भगवान महावीरांचे समवसरण भरले आणि लोकांचा ओघ तिकडे वळला. कोणी तरी इंद्रजाल करणारा आला असावा, त्याला वादात जिंकून येतो, अशा आवेशाने इंद्रभूती तेथे गेले. प्रभूंनी त्यांना नावाने व गोत्राने संबोधले. आपल्याला कोण ओळखत नाही, असे मानून इंद्रभूतींनी त्याचे नवल केले नाही. परंतु त्यानंतर प्रभूंनी त्यांच्या अंतरात दडलेली, आजवर कोणाला न सांगितलेली शंका उच्चारून दाखविली, तेव्हा ते स्तब्ध झाले.

जिनभद्रगणी क्षमाश्रमण यांच्या विशेषावश्यक भाष्यातील गणधरवादात हा संवाद विस्ताराने आला आहे. त्यातील एक युक्तिवाद विशेष ध्यानात घेण्यासारखा आहे. आत्मा आहे की नाही, हा संशय ज्याला येतो तो कोण? संशय ही जाणीव आहे, आणि जाणीव हा जडाचा गुण नव्हे. ज्याच्या अस्तित्वाविषयी इंद्रभूती साशंक होते तोच शंका घेत होता. जे बाहेर कोठे दिसत नाही म्हणून त्यांनी अनुपस्थित मानले, ते शोधणाऱ्याच्या ठायीच उपस्थित होते. शंका फिटली आणि इंद्रभूतींनी दीक्षा घेतली. त्यांच्या पाठोपाठ अग्निभूती, वायुभूती, व्यक्त, सुधर्मा, मंडिक, मौर्यपुत्र, अकंपित, अचलभ्राता, मेतार्य आणि प्रभास हे दहा विद्वानही एकेक शंका घेऊन आले आणि शिष्य होऊन राहिले. हेच अकरा गणधर. त्या दिवशी वैशाख शुद्ध एकादशी होती, असे ही परंपरा मानते.

दोन परंपरांच्या कथनात स्थळाचा, तिथीचा व तपशिलाचा भेद आहे. परंतु दोन्हींचे तात्पर्य एका ठिकाणी येऊन मिळते. सर्वज्ञांची वाणी जगाला लाभण्यासाठी एका थोर विद्वानाला विद्यार्थी व्हावे लागले.

तीस वर्षांचे सान्निध्य

उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य या तीन पदांचे बीज प्रभूंकडून मिळाले आणि गणधरांनी त्यातून द्वादशांगीची रचना केली. त्यानंतरची तीस वर्षे गौतमस्वामींनी भगवंतांच्या निकट सान्निध्यात घालविली. कल्पसूत्रानुसार भगवान महावीरांच्या संघात चौदा हजार साधू होते आणि इंद्रभूती त्यांचे प्रमुख होते. मती, श्रुत, अवधी आणि मनःपर्यय ही चार ज्ञाने त्यांना प्राप्त झाली होती. तरीही त्यांच्या चरित्रातील सर्वांत ठळक गोष्ट म्हणजे त्यांचे विचारणे. पूर्वायुष्यात जे ओठांवर येत नव्हते, ते आता अखंड वाहू लागले.

व्याख्याप्रज्ञप्ती, म्हणजे भगवतीसूत्र, हे आगम याची साक्ष आहे. त्यात छत्तीस हजार प्रश्नोत्तरे होती, असे परंपरा सांगते. आणि त्यांतील बहुसंख्य प्रश्न गौतमस्वामींचे आहेत. जीव शाश्वत की अशाश्वत? प्राप्त केलेले ज्ञान पुढील जन्मी बरोबर येते काय? माती-पाण्यातील एकेंद्रिय जीव श्वासोच्छ्वास करतात काय? असे अनेक प्रश्न ते प्रदक्षिणा व वंदन करून हात जोडून विचारीत. ज्यांचे उत्तर त्यांना स्वतःला ठाऊक असावे असेही प्रश्न त्यांत आहेत. इतरांचे समाधान व्हावे, प्रभूंच्या मुखातून ते निश्चित व्हावे, म्हणून गौतमस्वामी विचारीत, असे टीकाकारांनी म्हटले आहे.

त्यांची नम्रता केवळ प्रभूंपुरती नव्हती. उपासकदशांग सूत्रातील आनंद श्रावकाचा प्रसंग प्रसिद्ध आहे. वाणिज्यग्रामचा हा श्रावक अंतिम अनशनात असताना त्याला विशाल क्षेत्राचे अवधिज्ञान झाले. गृहस्थाला एवढे विस्तीर्ण अवधिज्ञान होऊ शकत नाही, तेव्हा आनंदाने आपल्या विधानाचे प्रायश्चित्त घ्यावे, असे गौतमस्वामींनी सांगितले. सत्य बोलणाऱ्याला प्रायश्चित्त असते काय, असे आनंदाने नम्रपणे विचारले. गौतमस्वामींनी परत येऊन प्रभूंना निवेदन केले. आनंदाचे म्हणणे खरे आहे आणि क्षमा गौतमांनीच मागावयास हवी, असा प्रभूंचा निर्णय झाला. दोन दिवसांच्या उपवासाचे पारणे व्हावयाचे होते. परंतु चौदा हजार साधूंचा तो नायक तसाच मागे फिरला आणि त्याने एका गृहस्थाची क्षमा मागितली. वीतरागांचे सान्निध्य म्हणजे काय, हे या प्रसंगावरून कळते. प्रिय शिष्य म्हणून त्यांनी गौतमांची बाजू घेतली नाही.

स्नेहाचा सूक्ष्म धागा

असे असूनही गौतमस्वामींना केवलज्ञान होत नव्हते. त्यांच्या नंतर आलेले, त्यांच्याकडून दीक्षा घेतलेले साधू केवली झाले. कल्पसूत्रात प्रभूंच्या संघातील सातशे केवलींचा उल्लेख आहे. अकरा गणधरांपैकी नऊ गणधर प्रभूंच्या हयातीतच निर्वाणाला गेले, आणि त्या नऊंत अग्निभूती व वायुभूती हे सख्खे धाकटे भाऊही होते. एकाच दिवशी ज्यांच्यासह मार्ग धरला ते पुढे निघून गेले. मागे राहिले ते इंद्रभूती आणि सुधर्मा.

श्वेतांबर टीकासाहित्यातील अष्टापदाची कथा हीच वेदना सांगते. अष्टापद पर्वतावर चढू न शकलेल्या पंधराशे तीन तापसांना गौतमस्वामींनी बोध केला आणि एका लहानशा पात्रातील खिरीने आपल्या लब्धीच्या बळावर सर्वांना पारणे घडविले. ते तापस कोणी पारणे करताना, कोणी समवसरण पाहताना, तर कोणी प्रभूंचे दर्शन होताच केवली झाले. हे माहीत नसल्याने गौतमस्वामींनी त्यांना प्रभूंना वंदन करावयास सांगितले, तेव्हा केवलींची आशातना न करण्याविषयी प्रभूंनी त्यांना सुचविले. ज्यांना आपण हाती धरून आणले ते पोहोचले आणि आपण दारातच उभे आहोत, या जाणिवेने गौतमस्वामींचे मन विषण्ण झाले.

कारण कोणते होते? तपात उणीव नव्हती, ज्ञानात नव्हती, चारित्र्यात नव्हती. राहिला होता तो प्रभूंवरील स्नेह. लोखंडाची बेडी तोडता येते, कारण ती बोचते. सोन्याची बेडी अलंकारासारखी वाटते. वीतरागांवरचा अनुराग हा प्रशस्त राग खरा, परंतु तोही शेवटी रागच. भगवतीसूत्रात प्रभूंनी गौतमस्वामींचे सांत्वन केल्याचा प्रसंग आहे. हा स्नेहबंध अनेक जन्मांपासूनचा आहे, आणि या देहाच्या अंतानंतर आपण दोघेही समान होऊ, त्यात कोणताही भेद उरणार नाही, अशा आशयाचे आश्वासन प्रभूंनी दिले. उत्तराध्ययन सूत्राचे दहावे अध्ययन गौतमांना उद्देशून आहे. झाडावरून गळणाऱ्या पिवळ्या पानाचा दृष्टांत देऊन क्षणभरही प्रमाद न करण्याचा उपदेश त्यात पुनःपुन्हा केला आहे.

प्रभू असे आश्वासन देऊ शकत होते; परंतु गौतमांचा स्नेह ते स्वतः तोडू शकत नव्हते. एका जीवाच्या परिणामांचा कर्ता दुसरा जीव होऊ शकत नाही, मग तो दुसरा जीव तीर्थंकर का असेना.

अमावास्येची रात्र

इ. स. पूर्व ५२७. भगवंतांचा अंतिम चातुर्मास पावापुरी येथे राजा हस्तिपालाच्या लेखनशाळेत होता. प्रभूंचे आयुष्य बहात्तर वर्षांचे झाले होते. श्वेतांबर परंपरेनुसार प्रभूंनी शेवटचा उपदेश अखंड सोळा प्रहर केला. ज्या मुखातून वाणी प्रकट होण्यासाठी कधी जग वाट पाहत होते, तेच आता जणू काहीही शेष राहू नये असे बोलत होते. त्याच सुमारास त्यांनी गौतमस्वामींना जवळच्या गावी देवशर्मा नावाच्या ब्राह्मणाला बोध करण्यासाठी पाठविले. आज्ञा होताच गौतमस्वामी निघाले. तीस वर्षे जे सावलीसारखे जवळ राहिले, ते अखेरच्या घटकेला जवळ नव्हते.

आश्विन अमावास्येच्या रात्री भगवान महावीर निर्वाणाला गेले. काशी-कोशल देशांच्या अठरा गणराजांनी, ज्ञानाचा प्रकाश गेला म्हणून द्रव्याचे दीप लावले, अशी नोंद कल्पसूत्रात आहे. परतीच्या वाटेवर गौतमस्वामींच्या कानी ही वार्ता आली. चार ज्ञानांचे धनी, द्वादशांगीचे रचयिते, ऐंशी वर्षांचे वयोवृद्ध गौतमस्वामी त्या वाटेवर बालकासारखे रडले. शेवटच्या क्षणी आपल्याला दूर का केले? आता मी प्रश्न कोणाला विचारू? मला गौतम म्हणून कोण संबोधील? त्यांनी प्रभूंना पुनःपुन्हा हाक मारली. उत्तर आले नाही.

हे दुसरे मौन होते. पहिल्या मौनाच्या वेळी प्रभू समोर होते आणि गौतम दूर होते. आता गौतम हाक मारीत होते आणि प्रभू सिद्धशिलेवर विराजमान झाले होते. तेथून परत येणे नाही, बोलणे नाही, कोणाच्या शोकाने विचलित होणे नाही. पहिले मौन योग्य शिष्य येताच सुटले होते. हे मौन सुटणारे नव्हते.

त्याच मौनात गौतमस्वामींच्या चित्ताची दिशा पालटली. आपण ज्यांना हाक मारतो आहोत ते वीतराग आहेत. तीस वर्षे त्यांच्याजवळ राहून, हजारो प्रश्न विचारूनही वीतराग या शब्दाचा अर्थ आपण कानांनीच ऐकला. त्यांचा कोणावर राग नव्हता, म्हणून आपल्यावरही नव्हता. स्नेह होता तो केवळ आपल्या बाजूचा. जीव एकटा येतो, एकटा जातो. त्याचा आधार त्याच्या स्वतःच्याच ठायी आहे. या एकत्वभावनेत ते स्थिर झाले. स्नेहाचा धागा तुटला, घातिकर्मांचा क्षय झाला, आणि रात्र संपताना, कार्तिक शुद्ध प्रतिपदेच्या पहाटे, गौतमस्वामींना केवलज्ञान झाले. दिगंबर परंपरेनुसार प्रभूंचे निर्वाण अमावास्येच्या प्रत्यूषकाली, आणि गौतमस्वामींचे केवलज्ञान त्याच दिवशी सायंकाळी झाले. दोन्ही परंपरांत निर्वाण आणि केवलज्ञान एका दिवसाच्या आतबाहेर घडले आहेत.

तीस वर्षांच्या सान्निध्याने जे झाले नाही ते एका रात्रीच्या विरहाने झाले, असे म्हणणे मात्र अपुरे ठरेल. विरह हे निमित्त होते. उपादान गौतमस्वामींचा स्वतःचा आत्मा होता. तीस वर्षांच्या श्रवणाने ती भूमी तयार झाली नसती, तर तोच विरह केवळ शोक होऊन राहिला असता. प्रिय माणसाच्या वियोगाने रडणारे जग भरून आहे. रडता रडता ज्याला अश्रूंचे कारण दिसते, असा एखादाच.

प्रश्न संपल्यानंतर

यानंतर गौतमस्वामी बारा वर्षे केवली म्हणून विचरले. या बारा वर्षांतला त्यांचा एकही प्रश्न कोठे आढळत नाही, कारण विचारावयाचे काही उरलेच नव्हते. श्वेतांबर परंपरेनुसार संघाचे नेतृत्व सुधर्मास्वामींकडे गेले. केवली स्वतःच्या ज्ञानाने बोलतो. परंपरा चालविणाऱ्याने मात्र प्रभूंकडून जसे ऐकले तसे सांगावयाचे असते. म्हणून आगमांत सुधर्मास्वामी जंबूस्वामींना आपण ऐकलेले सांगताना दिसतात. दिगंबर परंपरेत गौतम, सुधर्मा व जंबू हे तीन अनुबद्ध केवली मानले जातात, आणि त्यांचा एकत्रित काल बासष्ट वर्षांचा सांगितला जातो.

वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी, इ. स. पूर्व ५१५ च्या सुमारास, राजगृहीच्या परिसरात गौतमस्वामींचे निर्वाण झाले. विपुलाचल आणि नवादा शहराजवळील गुणावा ही दोन्ही स्थाने यात्रेकरू त्यांच्या स्मृतीने वंदितात. प्रभूंचे आश्वासन पूर्ण झाले. सिद्धांमध्ये गुरू-शिष्य, मोठा-लहान असा भेद नसतो. जैन दर्शनात भक्त देवाच्या सेवेत अनंतकाळ राहत नाही. तो स्वतः देवत्वाला पोहोचतो. ईश्वराच्या अनुपस्थितीचे दुःख येथे अशा रीतीने संपते की, जो शोधीत होता तोच शोधलेल्या पदावर जाऊन बसतो.

महाराष्ट्रातील जैन घरांतही दीपावलीला या दोन्ही घटनांचे स्मरण होते. मंदिरांत निर्वाणलाडू अर्पण केला जातो. व्यापारी बांधव वहीपूजनाच्या वेळी नव्या वहीच्या पहिल्या पानावर गौतमस्वामींसारखी लब्धी लाभो अशा अर्थाची ओळ लिहितात. पाडव्याला नवे वीर निर्वाण संवत सुरू होते. मंगलाचरणातील प्रसिद्ध श्लोकात भगवान वीरांनंतर लगेच गौतम गणधरांचे नाव येते. त्या श्लोकात तिसरे नाव दिगंबर बांधव आचार्य कुंदकुंदांचे घेतात, श्वेतांबर बांधव स्थूलिभद्रांचे. दुसरे नाव मात्र दोघेही एकाच आदराने उच्चारतात. नव्या वहीवर ज्यांचे नाव लिहावयाचे त्यांच्याजवळ स्वतःचे म्हणून एक पात्रच होते, आणि त्या पात्रातून पंधराशेहून अधिक जणांचे पारणे झाले, हेही लिहिताना ध्यानात असावे.

पन्नास वर्षांच्या वाटचालीत कोणत्याही धर्मसंस्थेला आपल्या पायाभरणीचे हात एकेक करून गमवावे लागतात. ज्यांना विचारून पाऊल टाकावे असे वडीलधारे राहत नाहीत. त्यांच्या जागी त्यांची छायाचित्रे आणि त्यांनी सांगितलेले शब्द राहतात. मंदिरातील मूर्तीही बोलत नाही. अशा वेळी गौतमस्वामींचे चरित्र वाटाड्याचे काम करते. समोर असताना नम्रपणे विचारावे, ऐकलेले जपून पुढच्यांच्या हाती द्यावे, आणि विचारण्यास कोणी उरले नाही म्हणजे जे ऐकले ते स्वतःच्या ठायी शोधून पाहावे, एवढाच त्या चरित्राचा बोध आहे. प्रथम गणधरांच्या पावन स्मृतीस त्रिवार वंदन.